डिलीट केलेला मेसेज परत टाइप कर

"ताई, मी १६ वर्षांची आहे. अडीच महिने झाले मला काहीच करावंसं वाटत नाही. आधी रोज चित्रं काढायचे, आता ती वही उघडतच नाही. रात्री तीन वाजेपर्यंत झोप येत नाही आणि सकाळी उठवत नाही. लहान भावावर इतकी ओरडते की नंतर बाथरूममध्ये नळ सोडून रडते. पोट दुखतं पण रिपोर्ट नॉर्मल आले. ऑनलाइन टेस्ट दिली तर सिव्हिअर डिप्रेशन आलं. आईला सांगितलं की मला टेन्शन येतं, तर म्हणाली सगळं तर आहे तुझ्याकडे, कसलं आलंय टेन्शन, मोबाइल कमी कर. आणि खरंच आहे ना ते, घरी काही प्रॉब्लेम नाहीये, मार्क पण बरे आहेत. मग मी नाटक करतेय का? कधीकधी वाटतं सकाळी जागच आली नाही तर बरं. मावशीला मेसेज टाइप केला होता, मग डिलीट केला. तिला काय सांगणार, कारणच नाहीये काही."

अगं, आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. नाही, तू नाटक करत नाहीयेस. नाटकाला प्रेक्षक लागतात आणि तू तर नळ सोडून रडतेस, बाहेर आवाज जाऊ नये म्हणून. अडीच महिने, कोणी बघत नसताना, एवढं नाटक कोणी करत नाही गं.

आता ते दुसरं वाक्य. सकाळी जागच आली नाही तर बरं, हे तू पत्रात असं मधेच सरकवून दिलंयस की वाचणाऱ्याच्या नजरेतून निसटून जावं, पण मी तिथेच थांबले. म्हणून सरळच विचारते, आडून आडून नाही. स्वतःचा जीव घ्यावा असं मनात येतं का? कधी, कसं, असं काही ठरवलंयस का? लोकांना वाटतं असं विचारलं की समोरच्याच्या डोक्यात नसलेलं भरतं. तसं होत नाही, हे अभ्यासातून पुन्हा पुन्हा दिसलंय, उलट बऱ्याच जणांना हायसं वाटतं की चला, कोणीतरी तो शब्द उच्चारला, आता हे एकटीनेच लपवत बसायला नको. "जगायचा कंटाळा आलाय" आणि "मी असं असं करणार आहे" यात फरक आहे, पण दोन्ही मोठ्या माणसाला सांगायच्याच गोष्टी आहेत. पहिली लवकरात लवकर, दुसरी आत्ताच्या आत्ता. म्हणजे रात्रीचे तीन वाजले असले तरी आईला हलवून उठवायचं आणि "मला एकटं राहायची भीती वाटतेय, माझ्याजवळ थांब" एवढंच म्हणायचं, पुढचं स्पष्टीकरण सकाळी दिलं तरी चालतं. ज्या वस्तूने स्वतःला काही करून घेशील अशी भीती वाटते ती दुसऱ्याच्या ताब्यात द्यायची आणि वेळ पडली तर सरळ हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जायचं. मरावंसं वाटण्याचा तो जोर कायम तेवढाच राहत नाही, ओसरतो, आणि तो ओसरेपर्यंत कोणीतरी शेजारी बसलेलं असणं हे खूप मोठं काम असतं.

शेजारी कोणीच नसेल तेव्हासाठी हेल्पलाइन असते. भारतात असशील तर टेली-मानस, नंबर १४४१६, दिवसरात्र चालू, फोन फुकट, मराठीतून बोलता येतं. दुसऱ्या देशात असशील तर तिथली असेल. आणि हेल्पलाइनला फोन करायला मरणाच्या दारात असावं लागतं असं अजिबात नाही, तुझ्यासारखं "मला काय होतंय तेच कळत नाहीये" म्हणून पण फोन करतात लोक. चॅड व्हारा म्हणून एक इंग्लिश धर्मगुरू होते, १९३५ साली नवीन नवीन काम सुरू केलं तेव्हा त्यांच्यावर एका लहान मुलीचे अंत्यसंस्कार करायची वेळ आली. तिला पाळी सुरू झाली होती आणि तिला वाटलं आपल्याला काहीतरी घाण रोग झालाय. विचारायला कोणी नव्हतं. ते त्यांच्या मनातून गेलंच नाही, आणि १९५३ मध्ये त्यांनी लंडनच्या एका चर्चमधून समॅरिटन्स सुरू केलं, कोणीही फोन करावा, पलीकडचा माणूस ऐकून घेईल. म्हणजे बघ, ज्यांच्याकडे विचारायला माणूस नाही त्यांच्यासाठीच ही सगळी कल्पना निघाली, तू त्यात अगदी नीट बसतेस.

आता "कारणच नाहीये" याबद्दल, कारण मला वाटतं तुझी खरी गाठ तिथेच आहे. दुःख व्हायला आधी परवानगी लागते असं तू धरून चाललीयेस, घरात भांडणं असतील, कोणी गेलं असेल, नापास झालं असेल तरच त्रास व्हायचा हक्क, नाहीतर गप्प बसायचं. पण थर्मामीटर ताप किती ते सांगतो, कशाने आला आणि तू त्याला पात्र आहेस का ते विचारत नाही. डिप्रेशनचं पण डॉक्टर असंच बघतात. किती दिवस झाले (दोन आठवडे किंवा जास्त, जवळपास रोज), दिवसातला किती वेळ, आणि त्यामुळे काय काय बंद पडलं. ठरावीक नऊ लक्षणं बघतात, मन उदास असणं, आधी आवडणाऱ्या गोष्टीतला रस जाणं, झोप, भूक, थकवा, एकाग्रता, आपण वाईट आहोत असं वाटणं, हालचाल खूप मंदावणं नाहीतर अस्वस्थ होणं, मरणाचे विचार. त्यातली निदान पाच असतील, आणि पहिल्या दोनपैकी एक तरी असेलच, तर ते डिप्रेशनकडे बोट दाखवतं. या यादीत "सबळ कारण" नावाचं लक्षणच नाहीये!

आणि कारण दिसत नाही म्हणजे ते नसतं असंही नाही. घराण्यात कोणाला असेल तर शक्यता वाढते, या वयात मेंदूची बांधणी चालू असते, ती पंचविशीच्या आसपासपर्यंत चालते, हार्मोन्स बदलतात, झोप बिघडते, मग झोप बिघडल्याने मन बिघडतं आणि मन बिघडल्याने परत झोप, अशा छोट्या छोट्या गोष्टी एकावर एक साचत जातात आणि त्यातल्या एकीलाही "कारण" म्हणता येत नाही. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की जगात १० ते १९ वयातल्या दर सात जणांमागे एकाला कुठला ना कुठला मानसिक त्रास असतो. पन्नासच्या वर्गात हिशोब केलास तर सात जण. त्यातले काही जण आत्ता तुझ्याकडे बघून "हिचं कसं मस्त चाललंय" असं म्हणत असतील, कारण तुझे मार्क पण बरे आहेत.

भावावर ओरडतेस त्याबद्दल तू स्वतःला खूप लावून घेतलंयस. तुझ्या वयात डिप्रेशन बऱ्याचदा रडण्यापेक्षा चिडचिडीतून बाहेर येतं, डॉक्टरांच्या निकषांत पण लहान आणि टीनेजर मुलांसाठी उदासपणाच्या जागी चिडचिड धरतात. मोठ्यांना वाटतं मुलगी उद्धट झालीये. मुलग्यांच्या बाबतीत तर हे हमखास राहून जातं, तापट आहे, वय आहे, असं म्हणून सोडून देतात. भावाला एकदा जवळ घेऊन सांग की मी ओरडले ती तुझी चूक नव्हती, मला सध्या बरं वाटत नाहीये. लहान मुलांना एवढं कळतं, आणि न सांगितलं तर ती मनात धरून बसतात की आपणच काहीतरी केलं.

पोटाचं. रिपोर्ट नॉर्मल आले म्हणजे पोटात मोठा बिघाड नाही, दुखतंय ते खोटं आहे असा त्याचा अर्थ नाही. पोट आणि मेंदू यांचं नसांमधून सतत बोलणं चालू असतं, परीक्षेच्या आधी पोटात गोळा येतो तो काय कल्पनेतला असतो का? मी स्वतः १७ची असताना छातीतल्या धडधडीसाठी डॉक्टरांकडे गेले होते, ते "काही नाहीये" म्हणाले आणि मी त्याचा अर्थ "तुला काही होत नाहीये" असा घेतला आणि पुढचं वर्षभर कोणालाच काही बोलले नाही. ते वर्ष मला अजून आठवतं. तुझं वर्ष तसं जाऊ नये एवढ्यासाठी सांगतेय. डॉक्टरांकडे परत जाशील तेव्हा झोप, रडणं, रस जाणं हे पण सांग, कारण थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ कमी असलं तरी माणूस असाच गळून जातो, ते तपासून घेतलेलं बरं.

ऑनलाइन टेस्टला ना डोक्यावर घे ना कचऱ्यात टाक. पीएचक्यू-९ नावाची एक प्रश्नावली जगभर वापरतात, २००१ पासून, नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ मार्क, एकूण २७, आणि २० किंवा त्याहून जास्त आले की सिव्हिअर. प्रश्न फक्त गेल्या दोन आठवड्यांबद्दल असतात. डॉक्टर पण वापरतात, पण ती चाळणी आहे, निदान नाही, निदान समोर बसून बोलल्यावर होतं. तू दिलेल्या उत्तरांचा स्क्रीनशॉट काढून ठेव, डॉक्टरांसमोर शब्द फुटले नाहीत तर तो पुढे करता येईल. ज्या रील्समध्ये "ही पाच लक्षणं असतील तर तुम्हाला हे आहे" असं असतं ती मात्र सध्या बघू नकोस, आधीच जड झालेल्या मनावर दहा नवीन नावं कशाला हवीत.

आईचं आता. तिने जे म्हटलं त्याने तुला लागलं, आणि लागणारच, पण तू तिच्यासमोर कुठला शब्द ठेवलास बघ. टेन्शन. आपल्याकडे टेन्शन हा शब्द सगळ्यालाच चालतो, पेपर अवघड गेला तरी टेन्शन, पाहुणे येणार तरी टेन्शन, मग तिने तो तसाच ऐकला आणि मोबाइलवर ढकलला. शिवाय "माझ्या मुलीला मनाचा काही त्रास आहे" असं ऐकलं की बऱ्याच आईवडिलांना पहिल्यांदा ऐकू येतं ते "तुमचं काहीतरी चुकलं", मग घाबरतात, आणि ती भीती रागावून नाहीतर झटकून बाहेर पडते. मी तिची वकिली करत नाहीये, तिने नीट ऐकायला हवं होतं. पण तिला एकदा परत विचारायचा चान्स दे, या वेळी वेगळ्या शब्दांत. मोठं नाव घेऊ नकोस, टेन्शन नको, डिप्रेशन पण नको, नुसत्या घडलेल्या गोष्टी सांग. "आई, अडीच महिन्यांत मी एकही चित्र काढलं नाहीये. मी रोज तीनला झोपते. मी बाथरूममध्ये रडते. कधीकधी सकाळी जाग येऊ नये असं वाटतं. मला डॉक्टरांकडे जायचंय, तू चल." यावर वाद घालायला जागाच राहत नाही. तोंडावर बोलवत नसेल तर कागदावर लिहून दे. आणि ती स्वयंपाकात किंवा कामावर निघायच्या घाईत असताना नको, गाडीत शेजारी बसलेलं असताना किंवा रात्री दिवा बंद केल्यावर बरं, एकमेकींच्या डोळ्यात बघावं लागत नाही.

मोबाइलबाबत ती अर्धी बरोबर आहे. या वयात शरीराचं घड्याळ मुळातच पुढे सरकतं, झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा तयार व्हायला लागतं, दोन तासांपर्यंत पण उशीर होतो, त्यामुळे दहाला झोप येत नाही यात तुझा आळस नाही. पण तुला ८ ते १० तास झोप हवी आणि रात्रीचं स्क्रोलिंग त्या उशिरात अजून भर घालतं. फोन खोलीबाहेर चार्जिंगला लावून बघ, सकाळी उठायची वेळ सुट्टीच्या दिवशी पण फार बदलू नकोस. याने झोप थोडी सावरेल. मनाचा सगळा त्रास यानेच जाईल असं मात्र कोणी म्हणालं तर मानू नकोस.

डॉक्टर म्हणजे कोण, हे तुला कोणी सांगितलं नसेल. काउन्सेलर आणि सायकॉलॉजिस्ट बोलून उपचार करतात, सायकिॲट्रिस्ट हा मेडिकल डॉक्टर असतो, गोळ्या तो लिहून देतो. शाळा-कॉलेजात काउन्सेलर असेल तर तिथून सुरुवात कर, नाहीतर नेहमीच्या फॅमिली डॉक्टरकडून. पहिल्या वेळी खूप प्रश्न विचारतील, झोप कशी, भूक कशी, घरी कोण, मरणाचे विचार येतात का, आणि तू रडलीस तरी काही बिघडत नाही, तिथे टिश्यूचा डबा ठेवलेलाच असतो. तू सांगितलेलं ते गुप्त ठेवतात, पण तुझ्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल किंवा तुला कोणी त्रास देत असेल तर मोठ्यांना सांगावं लागतं. पहिल्याच भेटीत विचार, "मी बोलले ते आईला कळेल का?" चांगला माणूस स्पष्ट उत्तर देतो. आणि तो माणूस नाही पटला तर दुसरा शोधायचा, त्यात अपमान कोणाचाच नाही.

थेरपीत नुसतं बोलणं नसतं. १९६०च्या दशकात ॲरन बेक या सायकिॲट्रिस्टने एक पद्धत बसवली, सीबीटी म्हणतात तिला, त्यात आपल्या डोक्यात आपोआप येणारी वाक्यं पकडायची आणि तपासायची. तुझं वाक्य आहे "मी नाटक करतेय", त्याच्या बाजूने काय पुरावा, विरुद्ध काय, असं लिहून काढायचं. अजून एक गोष्ट शिकवतात जी मला फार खरी वाटते, मन लागेल तेव्हा करू असं न म्हणता आधी थोडंसं करायचं, मन मागून येतं. त्या वहीचंच घे. चित्र काढू नकोस. वही उघड, पेन्सिलीने एक रेघ मार आणि बंद कर, उद्या दोन मार. छान यायलाच हवं असं काही नाही, कोणाला दाखवायचंही नाहीये.

गोळ्या सगळ्यांना लागत नाहीत. लागल्याच तर घाबरायचं कारण नाही, पण दोन गोष्टी घरच्यांना पण माहीत हव्यात. त्यांचा परिणाम दिसायला बरेचदा चार ते सहा आठवडे जातात आणि बरं वाटलं म्हणून मनाने बंद करायच्या नसतात. आणि पंचविशीच्या आतल्यांमध्ये सुरुवातीच्या दिवसांत मरणाचे विचार वाढू शकतात, अमेरिकेतल्या औषध नियामकाने २००४ मध्ये मुलांसाठी तशी ठळक सूचनाच छापायला लावली, म्हणून पहिले काही आठवडे घरच्यांनी नीट लक्ष ठेवायचं आणि काही वेगळं वाटलं की लगेच डॉक्टरांना फोन करायचा.

मैत्रिणीला सांगितलंस तर छानच, फक्त "कोणाला सांगू नको हं, शपथ" असं बांधून घालू नकोस. तीही १६चीच आहे, एवढं ओझं तिने एकटीने का वाहावं. तिला हात धरायला घे, पण मोठा माणूस हवाच.

आणि तो मोठा माणूस तू आधीच निवडलायस की. मावशी. तू काही विचार न करता तिचंच नाव उघडलंस आणि टाइप केलंस, म्हणजे आतून तुला माहितीये ती ऐकेल. तिला कारण सांगायचंच नाहीये, नुसतं एवढं पाठव:

"मावशी, मला खूप दिवसांपासून बरं वाटत नाहीये. झोप नाही, सारखं रडू येतं, कधीकधी जगायचा कंटाळा येतो. का ते मला पण कळत नाही. आईला सांगायचा प्रयत्न केला पण नीट जमलं नाही. तू माझ्याशी बोलशील का? आणि डॉक्टरांकडे जायला मदत करशील?"

शब्द बदल हवे तर, पण जगायचा कंटाळा ही ओळ काढू नकोस. ती "काय झालं, कोणी काही बोललं का" असं विचारेलच, तेव्हा "माहीत नाही" म्हटलंस तरी चालेल. आणि समज ती पण म्हणाली की सगळं ठीक होईल, फार विचार करू नकोस, तर तू चुकीचं सांगितलंस असं नाही, चुकीच्या दिवशी सांगितलंस किंवा तिला जमलं नाही. मग बाबा, मग एखाद्या टीचर, मग तो हेल्पलाइनचा नंबर. तिसऱ्या-चौथ्या माणसाला कळतं असं बऱ्याच जणांचं होतं, आणि तोपर्यंत सांगत राहावं लागतं, हे अन्यायाचं आहे पण तसं आहे.

रात्री वाचत असशील आणि आजची रात्र निभेल असं वाटत असेल तर मेसेज आत्ताच पाठव, ती सकाळी बघेल. निभणार नाही असं वाटत असेल तर मेसेज राहू दे, आईला उठव.

आणि मला परत लिही, मावशी काय म्हणाली ते सांग. त्या रेघेचं पण सांग.